कोऱ्या कागदासमोरची मुलाखत

समोर दोन प्राध्यापक, टेबलावर कोरा कागद. भौतिकशास्त्राच्या प्रवेश मुलाखतीतला पहिला प्रश्न ऐकायला साधा वाटतो: साइन एक्स भागिले एक्स, याचा आलेख काढा.

पेन टेकवण्याआधी चार गोष्टी बघायच्या, आणि त्या मोठ्याने बोलत बघायच्या. एक्स शून्य असताना किंमत किती? एक्सचं चिन्ह बदललं तर काय? आलेख अक्षाला कुठे छेदतो? एक्स वाढतच गेला की पुढे काय? घोटाळा होतो तो पहिल्याच पायरीवर. साइन शून्य म्हणजे शून्य, म्हणून आलेख आरंभबिंदूतून जाणार, असं अनेकजण ठरवून मोकळे होतात. छेदातही शून्य आहे, हे नजरेतून सुटतं. कोन लहान असला की साइन एक्स जवळजवळ एक्सइतकाच असतो, म्हणून इथे किंमत १ कडे जाते. दोन्ही बाजू एकसारख्या. छेदनबिंदू पायच्या (π) पटींवर, म्हणजे ३.१४, ६.२८, ९.४२ असे, आणि लाटा हळूहळू बुटक्या होत जातात.

मग खरा प्रश्न येतो. उजवीकडची पहिली दरी नेमकी कुठे? नुसत्या साइनची दरी ४.७१ ला असते. इथे ती थोडी अलीकडे, ४.४९ च्या आसपास येते. कारण ४.७१ ला साइन क्षणभर थबकलेला असतो, छेद मात्र वाढतच असतो. आलेख तोवर दरीतून वर चढायला लागलेला असतो. ४.४९ हा आकडा कुणी पाठ करून यावा अशी अपेक्षा नसते. दरी अलीकडे का सरकते, हे सांगता आलं की पुरे.

अंदाजाचे प्रश्नही असेच. पृथ्वीभोवतीच्या हवेचं वस्तुमान किती? घनतेच्या मागे लागलात तर अडकाल, ती उंचीनुसार बदलते. दाब धरा. दर चौरस मीटरवर सुमारे एक लाख न्यूटन, म्हणजे दहा हजार किलो हवा. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर, पृष्ठफळ साधारण ५ गुणिले १० चा चौदावा घात चौरस मीटर. उत्तर: ५ गुणिले १० चा अठरावा घात किलो. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्येच राहिलं, तर हेच उत्तर दहा लाख पटींनी चुकतं.

अर्जात जे लिहिलंय त्यावर प्रश्न येणारच, असं धरून चला. दोलकाने गुरुत्वत्वरण मोजलं असं लिहिलं असेल, तर त्रुटी किती हे विचारतील. एक मीटर दोऱ्याचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक धरली, तर एकाच आंदोलनावर ती १० टक्के होते. आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात जवळपास २० टक्के. वीस आंदोलनं सलग मोजली की उत्तरातली चूक १ टक्क्यावर येते. प्रयोग मनापासून केला असेल तर हा हिशेब आधीच वहीत असतो.

मनातल्या मनात केलेला सराव इथे उपयोगी पडत नाही. समोर कुणालातरी बसवा, पाठ नसलेला प्रश्न घ्या आणि पंचवीस मिनिटं बोलत सोडवा. समोरच्याने फक्त 'का?' विचारायचं. आवाज रेकॉर्ड करा. शांतता कुठे लांबते ते ऐकताना लगेच कळतं. अडलात तर कुठे अडलात ते सांगा: 'घर्षण आत्ता बाजूला ठेवून बघतो.' परीक्षकांना इशारा द्यायला तेवढाच आधार मिळतो, आणि इशारा वापरता येणं हीसुद्धा परीक्षाच.

'खात्री आहे?' असं विचारलं म्हणजे उत्तर चुकलंच असं नाही. टोकाच्या किंमती घालून बघा. घर्षणरहित उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण तुम्ही कोसाइनमध्ये लिहिलंय? कोन शून्य करा. सपाट जमिनीवरचा ठोकळा आपोआप वेग घेताना दिसेल. खोडा, साइन लिहा, आणि का खोडलं ते बोलून दाखवा.