दोन्हीकडची तहान

मित्रहो, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ४२वं स्तोत्र आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. हरिणी पाण्याच्या ओढ्यासाठी व्याकूळ होते तसा माझा जीव देवासाठी व्याकूळ झालाय, अशी त्याची सुरुवात आहे. घराघरांतल्या चित्रांत ही हरिणी हिरव्यागार काठावर पाणी पिताना दिसते. स्तोत्रातली हरिणी पाण्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. हे स्तोत्र रचलं गेलं त्या प्रदेशातले बरेच ओढे हिवाळी पावसात लोंढ्यासारखे वाहतात आणि उन्हाळ्यात तिथे नुसते दगडगोटे उरतात. पुढे तोच गाणारा म्हणतो, रात्रंदिवस माझे अश्रूच माझं अन्न झाले आहेत. ‘कुठे आहे तुझा देव?’ असं लोक त्याला विचारताहेत, आणि त्याच्याकडे उत्तर नाही.

ही तहान ज्यांनी शब्दांत मांडली, त्यांना खरी तहान माहीत होती. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे इस्राएली लोकांना आठवण करून देतो की देवाने तुम्हांला रानात उपाशी ठेवलं, मग मान्ना, म्हणजे आकाशातून पाठवलेलं अन्न, खाऊ घातला, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे कळावं म्हणून. आमोस संदेष्टा तर वेगळ्याच दुष्काळाचं भाकीत करतो. तो दुष्काळ अन्नाचा नाही, पाण्याचा नाही, परमेश्वराची वचनं ऐकायला न मिळण्याचा. लोक या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भटकतील आणि त्यांना ती सापडणार नाहीत. दुष्काळ सोसलेल्या माणसांपुढेच असं बोलता येतं, आणि त्यांनाच ते कळतं.

आता डोंगरावरचं प्रवचन घ्या. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू धार्मिकतेची भूक आणि तहान लागलेल्यांना धन्य म्हणतो. लूकमध्ये तोच आशीर्वाद उघडावाघडा येतो: आता भुकेले असलेले तुम्ही धन्य. कसली भूक, ते सांगितलेलंच नाही. शिवाय काही ओळींनंतर, आता तृप्त असलेल्यांचा धिक्कार आहे. आपल्या प्रवचनांत मत्तय वारंवार येतो, लूक क्वचित. मला हे दुःखद वाटतं. मत्तयचं वचन खोल आहे, यात शंका नाही. पण लूक शेजारी नसेल, तर भरल्या पोटी केलेली भुकेची भाषा फार लवकर गोड होते.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. शोमरोनातलं सूखार गाव, भरदुपार, याकोबाची विहीर. आजच्या नाब्लुसजवळ एका चर्चमध्ये ही विहीर दाखवतात, आणि ती चाळीसेक मीटर खोल आहे. येशू थकून काठाशी बसलाय, शिष्य गावात अन्न विकत आणायला गेलेत. एक बाई पाणी भरायला येते, आणि पहिलं मागणं तोच करतो: मला प्यायला दे. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि इथे यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागतोय. ती चकित होते. तो जिवंत पाण्याबद्दल बोलू लागतो, हे पाणी पिणाऱ्याला पुन्हा कधी तहान लागणार नाही म्हणतो. त्यावर ती म्हणते, महाराज, ते पाणी मला द्या, म्हणजे मला इथवर पाणी भरायला यावं लागणार नाही.

अनेक भाष्यकारांना या मागण्यात तिचा भाबडेपणा दिसला. मला तसं वाटत नाही. भर उन्हात डोक्यावर घागर वाहणाऱ्या बाईने पाण्याचा अर्थ पाणी असाच घेतला, तर त्यात चूक काय? आणि येशू तिला त्यासाठी बोल लावत नाही. एक गोष्ट मात्र नीट पाहा. त्याला पाणी मिळालं, असं योहान कुठेच लिहीत नाही. शिष्य अन्न घेऊन येतात, तेही तो खात नाही. बाई घागर तिथेच टाकून गावाकडे धावते. पुढे १९व्या अध्यायात वधस्तंभावरून हाच माणूस म्हणतो, मला तहान लागली आहे. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या प्रार्थनागृहांत क्रूसाशेजारी हे शब्द लिहिलेले असतात. जिवंत पाणी देणाराच तहानलेला आहे. देवाची तहान माणसाला लागते, तशी माणसाची तहान देवालाही लागते, हे ख्रिस्ती श्रद्धेचं मला सर्वांत हलवून टाकणारं सांगणं वाटतं.

मग ही तहान संपते का? पुन्हा तहान लागणार नाही, हे वचन तर आहे. पण कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकात ज्ञान स्वतः म्हणतं, मला पिणाऱ्यांना आणखी तहान लागेल. चौथ्या शतकातले निस्साचे ग्रेगरी म्हणत की देव अनंत आहे, म्हणून त्याची ओढही संपायची नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात देवाला सांगतात, तुझी चव घेतली आणि आता मी भुकेला-तहानेला आहे. मी या दोघांच्या बाजूचा.

पण देवाची तहान बोलताना शेजाऱ्याची भूक विसरता येत नाही, म्हणून ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीबद्दल थोडंसं. तिथे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीसाठीच्या भोजनाला, जमल्यावर कुणी उपाशी राही, तर कुणी पिऊन तर्र होई. प्रेषित पौल त्यांना पत्रात स्वच्छ सांगतो, तुम्ही जे करता ते प्रभुभोजन नव्हेच.

आपल्या महाराष्ट्रात हे सगळं एका आयुष्यात पाहायचं असेल, तर पंडिता रमाबाईंकडे बघावं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण दगावली. पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. म्हणजे बाप्तिस्म्यानंतरही ही बाई भुकेलीच होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपासमारीच्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे त्या मुलींना जेवण मिळालं, अक्षरओळख मिळाली, हाताला काम मिळालं. आणि तिथेच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही ते कळावं म्हणून.