जॅझमास्टरचे बारा स्क्रू

[दृश्य: ब्रिजचा अगदी जवळून घेतलेला शॉट. जाड तार छेडली जाते, तिच्याखालचं सॅडल थरथरतं.]

फेंडर जॅझमास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, सहा छोटे दंडगोल आडवे बसवलेले असतात, प्रत्येक तारेखाली एक. हीच सॅडल्स. प्रत्येक सॅडलमधून दोन बारीक ग्रब स्क्रू खाली उतरतात, ब्रिजच्या पत्र्यावर टेकतात आणि तार किती उंच राहणार ते ठरवतात. सहा दुणे बारा. वाजवता वाजवता हे स्क्रू आपोआप फिरतात. सॅडल एका अंगानं खचतं, तार मानेवरच्या धातूच्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, घासते आणि स्वच्छ स्वरात पत्रा वाजल्यासारखी खरखर मिसळते.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी खुलवतो. ती झणकार मुद्दाम घडवलेली, तासन्‌तास कान लावून साधलेली असते. इथली खरखर मात्र कोणी मागितलेली नाही. शिवाय ती एकाच तारेवर येते, तीही कार्यक्रमाच्या मध्यावर.

[दृश्य: कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन शहराची जुनी छायाचित्रं.]

1958 साली फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांच्या कंपनीनं जॅझमास्टर बाजारात आणली. त्याच कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार येऊन चारच वर्षं झाली होती. ही तिच्याहून महाग, आणि नावाप्रमाणे जॅझ वादकांसाठी. जॅझ वादकांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिला उचलून धरलं ते दक्षिण कॅलिफोर्नियात लाटांवरच्या सर्फिंगभोवती उभ्या राहिलेल्या सर्फ बँडच्या पोरांनी. 1962 मध्ये तिची धाकटी बहीण जॅग्वार आली, ब्रिज तोच घेऊन.

हा ब्रिज गिटारच्या लाकडाला स्क्रूनं आवळलेला नसतो. तो दोन खांबांवर उभा असतो, आणि खांबांची टोकं लाकडात ठोकलेल्या दोन वाट्यांमध्ये टेकलेली असतात. स्वर डुलवणारा ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारांबरोबर सगळा ब्रिज किंचित झुकतो आणि पुन्हा जागेवर येतो. कल्पना फार सुंदर आहे. तार सॅडलवरून घासत सरकण्याऐवजी ब्रिजच तिच्यासोबत डुलतो. पण तारा जिथे अडकवतात ते टेलपीस ब्रिजपासून बरंच मागे आहे. त्यामुळे तार सॅडलवरून मागे जाताना जेमतेम वाकते, आणि जेमतेम वाकणारी तार सॅडलला खाली दाबते तेही जेमतेमच.

थोडा हिशेब करू. 9 हजारांश इंच जाडीची पहिली तार जॅझमास्टरवर सुरात लावली की तिच्यात साधारण 6 किलोचा ताण असतो. ती सॅडलवर 5 अंशांनी वाकली, असं धरलं तर सॅडलवर खाली येणारा दाब निघतो अर्धा किलो. तो दोन स्क्रूंत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव किलो. एवढ्या भरवशावर त्या स्क्रूनं तासभर हादरे सोसायचे. आता तीच तार 12 हजारांशाची लावा. ताण जातो साडेदहा किलोच्या आसपास आणि दाबही त्याच प्रमाणात वाढतो.

पन्नाशीच्या दशकात जाड तारांचाच रिवाज होता. त्या तारांसाठी आखलेला ब्रिज त्या तारांखाली बऱ्यापैकी गप्प बसायचा. 1962 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एर्नी बॉल यांनी आपल्या दुकानातून हलक्या तारांचे संच विकायला सुरुवात केली. बोटांना सोप्या आणि सहज ताणता येणाऱ्या या तारा पुढच्या काही वर्षांत सर्रास झाल्या. वादकाचा हात बदलला, तार बदलली, स्क्रू होता तसाच राहिला. म्हणून या ब्रिजला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. ज्या वजनासाठी तो घडवला ते वजनच आपण त्याच्यावरून काढून घेतलं आहे.

जॅग्वारवर हे आणखी जाणवतं. तिच्या तारेची वाजती लांबी जॅझमास्टरच्या साडेपंचवीसऐवजी 24 इंच. तेवढ्यानंच त्याच तारेचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी उतरतो.

[दृश्य: पडद्यावर आकृती. स्क्रूचे आटे, उभा छेद. बाजूला सरकणारे बाण.]

दाब कमी असला की स्क्रू का फिरतो? त्याला फिरवणारा हात तर कुठेच दिसत नाही. याचं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 मध्ये मांडलं. स्क्रूला आडवे, म्हणजे त्याच्या अक्षाला काटकोनात हादरे बसले तर तो सगळ्यांत लवकर सैल होतो, हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. आट्यांमधलं घर्षण एकाच वेळी सगळ्या दिशांना पुरत नाही. आडव्या सरकण्याला विरोध करण्यात ते खर्ची पडलं की गोल फिरण्याला अडवायला काही उरत नाही. आणि आटे म्हणजे मुळात एक उतार. अडवणारं कोणी नसलं की त्या उतारावरून स्क्रू केसभर घसरतो. पुढच्या हादऱ्याला आणखी केसभर. खालच्या स्वराची जाड तार सेकंदाला 82 वेळा कंप पावते. तीन मिनिटांच्या गाण्यात किती झाले, मोजून बघा.

त्यात ग्रब स्क्रूला डोकं नसतं, त्यामुळे तो आवळून बसवताच येत नाही. तो फक्त टेकतो.

[दृश्य: न्यूयॉर्क, सत्तर आणि ऐंशीची दशकं. गहाणवटीच्या दुकानांच्या काचा.]

पुढे या गिटारींचा भाव पडला. 1980 पर्यंत जॅझमास्टरचं उत्पादनही थांबलं. गहाणवटीच्या दुकानांत त्या स्वस्तात मिळत, आणि ज्यांच्याकडे पैसे कमी होते त्यांनी त्या घेतल्या. न्यूयॉर्कचा टॉम व्हर्लेन, इंग्लंडचा एल्व्हिस कॉस्टेलो, न्यूयॉर्कचाच सॉनिक यूथ हा बँड. सॉनिक यूथची मंडळी तर ब्रिजच्या मागच्या तारासुद्धा वाजवायची. एवढ्या झोडपण्यात बारा ग्रब स्क्रू टिकणं अवघडच, म्हणून अनेक वादक ब्रिजच बदलून टाकत.

त्यातला एक पर्याय फेंडरच्याच घरचा होता. 1964 च्या मस्टँग गिटारच्या सॅडल्सना उंचीचे स्क्रूच नसतात. जो स्क्रू नाही तो सैलही होणार नाही. पण प्रत्येक तारेची उंची वेगळी लावायची सोयही त्याबरोबर जाते.

[दृश्य: कामाचं टेबल. दिव्याखाली ब्रिज, ॲलन की, कापूस, टूथपिक.]

मूळ ब्रिज ठेवायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण थेट स्क्रू चिकटवायच्या द्रवाची बाटली उघडतात. माझ्या मते बाटली शेवटी. आधी स्क्रूवर वजन येऊ द्या.

तारा एक-दोन नंबर जाड लावा. नेक, म्हणजे गिटारची मान, काढून तिच्या खाचेत, अंगाकडच्या टोकाला, पातळ निमुळती पट्टी ठेवा. फेंडरच्या कारखान्यातही जुन्या काळी अशा पट्ट्या घातल्या जात. नेक किंचित मागे कलते, त्यामुळे ब्रिज वर उचलावा लागतो आणि तार सॅडलवर अधिक वाकते. 5 अंशांचे 7 झाले तरी दाब चाळीस टक्क्यांनी वाढतो. तारा मागून दाबून धरणारी रोलरची पट्टीही मिळते. काम होतं, पण ट्रेमोलोचा मोकळेपणा कमी होतो. मला नेकखालची पट्टी जास्त आवडते.

मग प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू खरोखर टेकलेत का ते बघा. नखानं एका टोकाला दाबा. सॅडल डुगडुगलं तर एक स्क्रू अधांतरी आहे, आणि आधी फिरणारा तोच.

स्क्रू बदलायचे असतील तर आटे तपासून घ्या. अमेरिकेत बनलेल्या फेंडरवर सहसा इंची 4-40 आट्यांचे स्क्रू असतात, आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींवर मेट्रिक एम 3. पहिल्याची जाडी 2.84 मिलिमीटर, दुसऱ्याची 3. इंची स्क्रू एम 3 च्या भोकात घातला तर पहिल्या दिवसापासून खुळखुळतो. उलट केलं तर आटेच कापले जातात. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत, घामाच्या हातांत, साधे स्क्रू गंजतात आणि ॲलन कीचं सहा कोनी भोक झिजून गोल होतं. तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. एम 3 चे ग्रब स्क्रू मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हार्डवेअरच्या बाजारात विचारावेत.

आता बाटली. हा द्रव 1953 मध्ये व्हर्नन क्रीबल या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं तयार केला. हवा असेपर्यंत तो पातळ राहतो. आट्यांच्या फटीत हवा नाही आणि भोवती धातू, की घट्ट होतो. लॉकटाइट हे नाव त्यातूनच पुढे आलं. एवढ्याशा स्क्रूला जांभळा, 222 क्रमांकाचा, कमी ताकदीचा घ्यायचा. लाल अजिबात नको. तो सोडवायला जबर उष्णता लागते आणि त्याआधी ॲलन की भोक खाऊन टाकते.

तारा सैल केल्या की जॅझमास्टरचा ब्रिज हातात उचलून येतो. काम टेबलावर, गिटारपासून दूर करा, कारण हा द्रव काही प्लास्टिकना तडे पाडतो. स्क्रू काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, भोकातले आटेही पुसा. तेलकट आट्यांवर द्रव नीट धरत नाही. टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढाच थेंब घ्या. एका वेळी एकच सॅडल. आधी मोजून ठेवलेल्या उंचीवर स्क्रू आणा आणि रात्रभर हात लावू नका.

रंगहीन नेलपॉलिशही चालतं, थोड्या दिवसांसाठी. पण ते काढायचं ॲसिटोन जुन्या गिटारींवरचा नायट्रो लॅकरचा लेप खातं, म्हणून तेही ब्रिज बाहेर काढूनच.

ब्रिज परत बसवला, तारा सुरात लावल्या, की बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेची उंची पोलादी पट्टीनं मोजा आणि कागदावर लिहा. आठवडाभर नेहमीसारखं वाजवा, मग पुन्हा मोजा. जिथे आकडा उतरला असेल तेवढंच सॅडल काढा, आटे पुन्हा पुसा आणि त्याच दोन स्क्रूंवर नवा थेंब लावा.