पडण्याच्या दोन सेकंद आधी

श्रोतेहो, नमस्कार.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, 3.717 किलोमीटरचं, 12 वळणांचं. पुण्याहून ते सुमारे 1200 किलोमीटर. तरीही टेम्पोत मोटरसायकल घालून आपल्याकडची शिकाऊ मंडळी तिथं रेसिंगला जातात. पहिल्या हंगामात कुणी पडलं की पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) परत आल्यावर वाक्य ठरलेलं: "टायरनं सोडलं."

सोडलं हे खरंच. पण का सोडलं, हे बहुतेक वेळा पडण्याच्या दोनेक सेकंद आधीच ठरलेलं असतं, आणि ताशी 100 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी दोन सेकंदांत 55 मीटर कापते. जिथं पडलात तिथले ओरखडे नंतर बघा, आधी मागे जा. ब्रेक कुठं धरला, कुठं सोडला, नजर कुठं होती, थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) उघडा होता की बंद, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत मन सोयीस्कर गोष्ट रचायला लागतं.

वेगाचा हिशेब बघा. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 80 ला गाडी साधारण 45 अंश झोपवावी, म्हणजे आतल्या बाजूला कलवावी लागते. ताशी 84 नं शिरलात, तर 48 अंश. वेग पाच टक्के वाढला, पण टायरकडे मागितलेली पकड दहा टक्क्यांनी वाढली, कारण इथं वेगाचा वर्ग येतो. आणि ही पकड महिन्याच्या पगारासारखी असते: वळणावर जेवढी खर्च झाली, तेवढी ब्रेकला कमी उरते. नवख्याला वेग जास्त वाटतो, तो झोपलेल्या गाडीवर पुढचा ब्रेक आणखी दाबतो, आणि पुढचं चाक निसटतं. हा झाला लोसाइड. नवख्यांच्या वाट्याला बहुधा हाच येतो.

दुसरं नेहमीचं कारण थंड टायर. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असली, तर टायरची डावी बाजू उशिरा गरम होते. चार उजवी वळणं छान गेली म्हणून पहिल्याच डाव्या वळणावर तसंच झोपायचं नसतं. तिसरं कारण फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) किंवा स्टँडचा ब्रॅकेट जमिनीला टेकणं. कडक लोखंड टेकलं की ते चाकच वर उचलतं. ट्रॅकवर टायर घसरल्याच्या काळ्या खुणेच्या आधी बारीक धातूची रेघ दिसली, तर दोष टायरचा नाही.

हायसाइड वेगळा आणि वाईट. मागचं चाक घसरतं, घाबरून थ्रॉटल झटक्यात बंद होतो, चाक अचानक पकड घेतं आणि गाडी स्वाराला वर फेकते. 165 सीसीसारख्या छोट्या गाडीत एवढी ताकद क्वचितच असते. तिथं हायसाइड होतो तो बहुधा मागच्या ब्रेकनं, किंवा क्लच फटकन सोडून खालचा गिअर टाकल्यानं.

पडताना गाडी सोडून द्या. हात छातीशी घ्या आणि घसरू द्या. थांबलो असं वाटलं तरी लगेच उभं राहू नका, कारण घसरताना वेगाचा अंदाज चुकतो. थांबल्यावर आधी गाड्या येतात त्या दिशेला बघा, मग मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षा कर्मचारी) दाखवेल तिकडे बाहेर व्हा. गाडी उचलायला धावू नका. जिथं तुम्ही पडलात, तिथंच त्याच कारणानं मागचाही पडू शकतो. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असाल, तर त्या दिवसाचं रायडिंग संपलं. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा बसायचं नाही. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबतो आणि बाहेरून ते कळत नाही. आपटलेलं हेल्मेट टाकून द्या, कितीही महाग असो.

आता गाडी. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल बघा. वाकडं दिसलं म्हणून फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) वाकलाच असं नाही, बऱ्याचदा तो टीमध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या वर जोडून धरणाऱ्या भागात, नुसता पिळलेला असतो. दोन्ही फोर्कच्या नळ्यांवर काचेची सपाट पट्टी आडवी टेकवा. पट्टी डुगडुगली, तर पीळ आहे. अॅक्सल (चाकाचा आस) आणि टीचे बोल्ट ढिले करा, चाक सरळ धरा, पुढचा भाग तीन-चारदा दाबा, मग बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं (पिळायच्या जोरानं) कसा. सरळ झालं नाही, तर मात्र फोर्क उघडून बघावा लागेल. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून थ्रॉटल सोडा, तो प्रत्येक वेळी स्वतःहून फटकन मिटला पाहिजे. चाक हवेत फिरवून ब्रेकची डिस्क डोलते का बघा. एअर फिल्टरमध्ये वाळू शिरली असेल, तर इंजिन सुरूच करू नका.

लीव्हर मोडू नये म्हणून त्याचा क्लॅम्प एवढाच कसा, की आपटल्यावर तो हँडलवर फिरेल. तेलाच्या ड्रेन बोल्टला लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारी तार, हवीच. आणि रेडिएटर असेल, तर त्यात ग्लायकॉलच्या कूलंटऐवजी साधं पाणी. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं, तर मागून येणारे सगळे पडतील आणि दोष तुमचा असेल.

पुन्हा उतराल तेव्हा पहिले दोन लॅप टायर गरम करण्यात घालवा. जिथं पडलात त्या वळणावर ब्रेक 10 मीटर अलीकडे धरा आणि गाडी झोपवायच्या आधी बराचसा सोडून द्या, म्हणजे वळणात थ्रॉटल जरासा उघडा ठेवता येईल. नजर वळणाच्या आतल्या टोकावर, मग बाहेर पडण्याच्या जागेवर. ज्या मातीत पडलात तिकडे मुळीच नाही, कारण गाडी नजरेमागे जाते. लॅप टायमरवर टेप चिकटवा, वेळ दिसायलाच नको. तो टेप पुढच्या सेशनपर्यंत काढायचा नाही.