आंबेनळी घाट: महाबळेश्वर ते पोलादपूर

श्रोतेहो, आज ज्या राज्यमार्गाविषयी मी बोलणार आहे, त्याचा महाबळेश्वर ते पोलादपूर हा टप्पा जेमतेम चाळीस किलोमीटरांचा आहे. महाबळेश्वरहून मेटतळ्यामार्गे तो कोयनेच्या खोऱ्यात वाडा कुंभरोशीला उतरतो, तिथे प्रतापगडाचा फाटा सोडतो आणि पुढे सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून, सावित्रीच्या खोऱ्यातून कापडे गावावरून पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. कोयना आणि सावित्री दोघी उगम पावतात महाबळेश्वरच्या एकाच पठारावर. पण धारेच्या पूर्वेला पडलेले पाणी कोयनेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते आणि पश्चिमेचे पाणी सावित्रीबरोबर बाणकोटला अरबी समुद्रात उतरते. या रस्त्याचा सारा इतिहास पाण्याशी बांधलेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा रस्ता होण्यापूर्वी वर-खाली जाण्याची वाट रडतोंडीच्या घाटाने, पार गावावरून होती. १६५९ साली अफझलखान वाईहून याच बाजूने जावळीत उतरला. पारजवळ कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. तो मुद्दाम थांबून पाहावा. पुढे महाबळेश्वरला इंग्रजांची माल्कम पेठ वसली आणि मुंबईहून बोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावपर्यंत येऊन घाट चढणाऱ्यांची वर्दळ वाढली. तेव्हा गाड्या जातील अशा चढाचा नवा रस्ता १८७०च्या दशकात बांधला गेला आणि गव्हर्नर सर सिमोर फिट्झगेराल्ड यांच्यावरून त्याला फिट्झगेराल्ड घाट म्हणू लागले. लोकांनी मात्र आंबेनळी हेच नाव चालू ठेवले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने त्यांच्या वाटेवर काळी निशाणे दाखवली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि या घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. काही जागी रस्ताच दरीत गेला. बेसॉल्टच्या थरांवर मुरमाड माती बसलेली असते. भेगांतून मुरलेले पाणी या दोहोंच्या सांध्यावर साचले की वरचा भार सुटतो. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासलेला असेल, तर त्याला खालून आधारही उरत नाही. म्हणून घाटरस्ता डांबरापेक्षा गटार आणि रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी यांच्यावर जास्त टिकतो. डोंगराकडच्या गटारात पालापाचोळा आणि दगड साठले, की पाणी रस्ता आडवे ओलांडून दरीकडची कड खाते. आधी साइडपट्टी खचते, मग कठडा झुकतो आणि शेवटी डांबराखाली पोकळी होते.

पूर्वी फावडे आणि घमेले घेऊन मृगाआधी प्रत्येक मोरीचे तोंड मोकळे करणारा मैलकुली हा या रस्त्याचा खरा राखणदार होता. आज नव्या डांबरीकरणाला निधी मिळतो, त्या हातांना मिळत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. २०१८च्या जुलैत याच घाटात बस दरीत कोसळून तीस माणसे गेली. त्यानंतर कठड्यांविषयी पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण पायाखालची माती वाहून गेली, तर कितीही भक्कम कठडा तिच्याबरोबरच जाईल. या मार्गावरच्या प्रत्येक मोरीचा व्यास २०२१च्या पावसाच्या हिशेबाने पुन्हा तपासावा आणि दर किलोमीटरमागे मैलकुलीची नेमणूक पुन्हा सुरू करावी, एवढीच माझी मागणी आहे.