टॉवेल सोलापूरचा, कॅमेरा कुणाचा?

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, यंत्रमागांचा खडखडाट)

हा आवाज सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही वेगळा सांगायला नको. इथं टेरी टॉवेल, म्हणजे वर धाग्याचे बारीक लूप असलेला टॉवेल, विणला जातो, आपल्या चादरीसारखंच ह्या टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आणि विणून झाला की तो चेकिंगच्या टेबलावर येतो, ट्यूबलाइटखाली, मग बायका हात फिरवत सांगतात की इथं धागा तुटलाय, इथं लूप ओढला गेलाय, इथं तेलाचा डाग पडलाय. आता हेच काम कॅमेऱ्याकडून करून घ्यायचं म्हटलं तर बाजारात कॅमेरे भरपूर आहेत हो, पण प्रत्येक कॅमेरा बनवणाऱ्याच्या डोक्यात एक माणूस असतो, जो त्या कॅमेऱ्याशेजारी उभा राहणार आहे, आणि तो माणूस सोलापूरचा नसतो.

(दृश्य: रोलरवरून सरकणारं कापड, वर लाइन स्कॅन कॅमेरा)

आधी कामाचा हिशेब बघू. सरकत्या कापडाला लाइन स्कॅन कॅमेरा लागतो, तो पूर्ण फोटो काढत नाही, एकेक ओळ टिपतो. दीड मीटर पन्हा आणि ४०९६ पिक्सेल धरले तर एका पिक्सेलमध्ये जेमतेम ०.३७ मिलिमीटर कापड बसतं, आणि कापड मिनिटाला ३० मीटर पळत असेल तर सेकंदाला तेराशेच्या वर ओळी टिपायला लागतात. आणि ओळ घड्याळावर टिपून चालत नाही, रोलरला एन्कोडर, म्हणजे रोलर किती फिरला ते मोजणारं यंत्र, लावावा लागतो, म्हणजे कापड जितकं सरकलं तितक्याच ओळी, नाहीतर वेग जरा कमीजास्त झाला की चित्र ताणलं किंवा दाबलं जातं. लाइट समोरून मारला तर टेरीचे लूप सगळे सपाट दिसतात, तो बाजूनं तिरका टाकायचा म्हणजे ओढलेल्या लूपची सावली पडते.

आता हे कॅमेरे बनवणारे देश बघू, आधी जर्मनी. तिथं येना गावात १८४६ पासून भिंगवाला झाइस, मग गणितवाला अॅबे, मग काचवाला शॉट, म्हणजे काच, गणित आणि मोजमाप ह्यांचा पक्का संसार. ह्या धंद्यात छोट्या छोट्या कंपन्याही खूप, एक फक्त कॅमेरा करते, दुसरी लेन्स, तिसरी लाइट, सगळं जोडायचं काम चौथ्याच इंजिनियरचं. मग साहजिकच सगळ्यांना मिळून नियम लागतात, म्हणून युरोपातल्या ह्या धंद्याच्या ईएमव्हीए संस्थेनं जेनआयकॅम हा नियम आणला, म्हणजे कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, एक्सपोजर (प्रकाश किती वेळ घ्यायचा) आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा) एकाच पद्धतीनं सेट होतो, आणि ईएमव्हीए १२८८ आणलं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा नॉइज, म्हणजे चित्रातले खोटे ठिपके, किती, संवेदनशीलता किती, हे सगळ्यांनी एकाच रीतीनं मोजून छापायचं. हॅम्बुर्गजवळच्या आरेन्सबुर्गच्या बासलर कंपनीचा कॅमेरा उघडलात तर आत बऱ्याचदा सेन्सर सोनीचा निघतो, म्हणजे जपानचा, ते जाऊ द्या.

आणि कॅमेऱ्यावर लेन्स फिरवून बसवतात त्या सी-माउंट नावाच्या जोडाचा आटा पाहिलात तर व्यास एक इंच, इंचाला ३२ आटे, ही अमेरिकेतल्या १६ मिलिमीटर सिनेमा कॅमेऱ्यांची कृपा, आणि मिलिमीटरवर जगणारे जर्मन आणि जपानी ते निमूटपणे वापरतात! अमेरिकेचा स्वतःचा कल सॉफ्टवेअरकडे. तिथली कॉग्नेक्स कंपनी १९८१ मध्ये एमआयटीत शिकवणाऱ्या माणसानं काढली, आणि खरा माल म्हणजे चित्रातला आकार ओळखणारं गणित.

(दृश्य: जुना माग, तुटलेला धागा)

जपानची गोष्ट मात्र आपल्या जवळची, कारण ती मागावरून सुरू होते. साकिची टोयोडानं १९२४ साली टाइप जी माग आणला, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले, आणि पुढं ह्याच घराण्यातून टोयोटा गाड्या आल्या. यंत्रानं चूक ओळखून स्वतः थांबायचं, ह्याला ते जिदोका म्हणतात. त्यामुळं तिकडचा कॅमेरा लाइनवरच्या कामगारासाठी बनतो, एकाच डब्यात लेन्स, लाइट, प्रोसेसर, बाहेर फक्त ओके किंवा एनजीचा (नो गुड, म्हणजे खराब) सिग्नल. ओसाकाची कीएन्स कंपनी तर मधला डीलरच ठेवत नाही, त्यांचा माणूस थेट कारखान्यात येतो.

मग सोलापुरात कुठला बसवायचा? माझं मत विचाराल तर कागदावर जर्मन पद्धत सरस, वेगवेगळे सुटे भाग निवडता येतात, पण जोडणारा इंजिनियर पुण्याहून येणार, अडीचशे किलोमीटरवरून, आणि तो येईपर्यंत मशीन बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. जपानी डबाबंद कॅमेरा जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला, चटकन जमतो, पण तो टॉवेलच्या लूपसाठी बनलेलाच नाही.

शिवाय मे महिना. बाहेर ४२-४३ अंश, शेडमध्ये त्याहून जास्त, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या बॉडीची मर्यादा ५० अंशाच्या आसपास. सेन्सरमधला डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा करंट, साधारण दर सात-आठ अंशाला दुप्पट होतो, म्हणजे चित्रात खडबडीत ठिपके दिसायला लागतात आणि काळ्या टॉवेलवर तर डाग कुठला नि नॉइज कुठला कळेना. त्यामुळं कॅमेरा जाड अॅल्युमिनियमच्या प्लेटवर बोल्टनं आवळायचा, प्लेटच उष्णता खाते. काचेवर कापसाचे तंतू बसतात म्हणून पुढं हवेचा झोत. ह्या गोष्टी कॅटलॉगमध्ये अर्धवटच असतात, खऱ्या शेडमध्येच कळतात.

आणि सगळ्यात मोठा पेच थांबण्याचा. टोयोडाचा माग थांबतो, कारण तिथं थांबणं ही शिस्त आहे. इथं बऱ्याच ठिकाणी मजुरी पिसावर, म्हणजे जितके नग तितके पैसे, माग थांबला की कामगाराच्या खिशाला कात्री. कॅमेऱ्याला थेट माग थांबवायचा अधिकार दिला, आणि तो एखाद्या उडत्या तंतूलाही डाग समजला, तर त्याची केबल लवकरच कुणीतरी काढून ठेवणार, आणि तो माणूस चुकीचा असेल असंही मला वाटत नाही. त्यापेक्षा कापड चालू ठेवायचं, वरचा लाल दिवा लागायचा, दोष असलेल्या जागी कडेला छोटा स्टिकर चिकटवायचा, आणि चेकिंगवाल्या बाईनं तो बघून ठरवायचं की हा पीस पहिल्या दर्जाचा की सेकंडचा.