आधी पाणी, मग चौकटी

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जलरंगात चित्रकथेचं पान कसं मांडावं’. तिथवर मी येणार आहेच. पण त्याआधी एका चादरीची गोष्ट सांगू द्या.

सहा चौकटींची छोटी कथा मी रंगवायला घेतली होती. संवाद एकही नाही. दोरीवर चादर वाळतेय, आभाळ भरून येतं, वारा सुटतो, चादर उडते, बाई तिच्यामागे धावते. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद चारही बाजूंनी पाटाला चिकटवलेला, चौकटींच्या मधे टेपच्या पट्ट्या. ढगांसाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सायना हा तपकिरी कालवून केलेला राखाडी. हे मिश्रण माझं फार लाडकं आहे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढगाला आपोआप पोत येतो. (मान डोलावताय, म्हणजे रंगवणारे बरेच जण आलेत!)

रात्री तीन चौकटी झाल्या. उरलेल्या तीन सकाळी करायला घेतल्या, तर पॅलेटमधला राखाडी सुकून गेलेला. पुन्हा कालवला, तिसऱ्या चौकटीशी लावून पाहिला, तंतोतंत जुळला. पण जुळला तो ओला असताना. जलरंग वाळला की फिका पडतो. दुपारी बघते तर चौथ्या चौकटीतलं आभाळ उजळलेलं आणि जरा तपकिरीकडे झुकलेलं.

पान भाचीला दाखवलं. तिने तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं, चौथीवर नेलं आणि विचारलं, “मावशी, चादर रात्रभर बाहेरच होती का गं?”

मधे रात्र गेली हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. रंगाने सांगितलं! चित्रकथेत दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत वेळ जातो. तो किती गेला, हे आपण रेषेवरून आणि मजकुरावरून ठरवतो असं मला वाटायचं. जलरंगात ते आभाळही ठरवतं.

म्हणूनच ‘आधी शाईने रेखाटा, मग रंग भरा’ हे वाक्य मला खटकतं. भरा म्हणजे काय? पोत्यात धान्य भरतात. जलरंग भरायची वस्तू नाही, तो वाहतो. त्याला वाहू द्यायचं असेल तर पाणी आधी आणि चौकटी नंतर, एवढंच मला आज सांगायचंय.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगते.

आधी काड्यापेटीएवढी कच्ची पानं काढा. पांढरं कुठे राखायचं ते तिथेच ठरवा, संवादाचे फुगेसुद्धा, कारण कागदाचा पांढरा नंतर परत मिळत नाही. हलक्या पेन्सिलीने चौकटी आखा, टेप लावा, कडा नखाने दाबा. आता एकेक चौकट रंगवत बसू नका. राखायच्या जागा सोडून अख्खी रांग ओली करा आणि रंग एका दमात टेपवरून पलीकडे न्या, पुढच्या चौकटीकडे जाताना थोडा गडद करत. वाळत आलेल्या थरावर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग उठतो, तेव्हा कागदाची चमक गेली की हात काढून घ्या. पूर्ण वाळल्यावरच चौकटीगणिक दुसरा थर. शाई शेवटी. आधी हवीच असेल तर पाण्याने न विरघळणारी घ्या. टेप निघताना कागद सोलत असेल तर ड्रायरने गरम करून, तिरकी ओढत सावकाश काढा.

ते पान मी असंच पुन्हा रंगवलं. चादरीला रंग लावलाच नाही. ती कोरा कागद, तिची कड दिसते ती भोवतीच्या आभाळामुळे. पाचव्या चौकटीत तिचा कोपरा काठाला टेकतो, आणि तिथे पट्टीही पांढरी, चादरही पांढरी, मधे रेघ नाही.

भाचीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. म्हणाली, “इथून सुटली ना ती?”