वाडा उतरवताना

पुण्याच्या पेठेतला हा वाडा उतरवतायत. ‘पाडतायत’ हा शब्द इथला एकही कामगार वापरत नाही.

सुरुवात वरून. आधी कौलं, मग वासे, मग कडीपाटाचं लाकडी छत. बांधताना जो क्रम होता, त्याच्या बरोबर उलटा. कौलं हातोहात खाली येतात. साबूत एकीकडे, फुटकी दुसरीकडे.

आता ही तुळई बघा. तिचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, खांबाच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी ठोकलेली आहे. खुंटी मागून ठोकली की सांधा मोकळा. करवत लावावीच लागत नाही, लाकूड पूर्ण लांबीचं हाती येतं. अस्सल सागवान. काजळीवरून रंधा एकदा फिरवला, की आतला मधासारखा रंग दिसतो.

भिंतीतली वीट पातळ आणि चुन्यात बसवलेली. चुना सिमेंटपेक्षा मऊ, म्हणून वीट अख्खी सुटते. या ताईंचा हात बघत राहावा असा आहे: वीट तळव्यावर, हातोडीचे हलके चार घाव, की चुना झडून वीट ढिगावर. खांबाखालचे दगडी तळखडे सगळ्यात शेवटी निघतात.

शेजारच्या गल्लीत सिमेंटची इमारत तोडतायत. तिथे हे जमत नाही. सिमेंट विटेला सोडत नाही. स्लॅब फोडून सळया काढतात, त्या भंगारात जाऊन वितळतात आणि पुन्हा लोखंड होतं. उरतो राडारोडा. त्यासाठी महापालिकेचा प्रकल्प वाघोलीला आहे. काँक्रीटचे तुकडे भरडून, चाळून खडी आणि बारीक रेती वेगळी होते, त्यातून पेव्हर ब्लॉक बनतात. अशी खडी एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २० टक्क्यांपर्यंत वापरायला भारतीय मानकाने २०१६ मध्येच मुभा दिली आहे. तरी बांधकामावरून पहिला फोन जातो तो दगडखाणीला. हे बदलायलाच हवं.

ज्यांना एवढा खटाटोप नको असतो, ते रात्री नदीकाठी डंपर रिकामा करतात आणि मुठेचं पात्र आवळत जातं.

पुन्हा वाड्यात. आता दिंडीचा दरवाजा. याला बिजागऱ्या नाहीत, तो दगडी उखळीत फिरतो. वरची पट्टी सैल केली, सहा जणांनी खांदा दिला, निघाला. जुन्या लाकडाच्या वखारीत जाईल, तिथून कुणाच्या तरी नव्या घराला. टेम्पोत उभा मावत नाही. आडवा घालून, कोपऱ्यांना गोणपाट लावून दोर आवळतायत.